डांबरावरून डोंगरावर: महाराष्ट्रातील हौशी धावण्याची दोन दशके

महाराष्ट्रात केवळ हौसेसाठी धावण्याचा काळ २००४ पासून मोजण्याची पद्धत आहे, आणि ती फारशी चुकीची नाही. त्याआधी धावणारे नव्हते असे नव्हे. पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ मध्ये सुरू झाली होती, शाळा-महाविद्यालयांत क्रॉस-कंट्रीच्या स्पर्धा होत होत्या, आणि पोलीस किंवा सैन्यभरतीच्या तयारीसाठी तालुक्याच्या गावाबाहेर पहाटे धावणारी मुले तर आजही दिसतात. पण या धावण्यामागे काहीतरी पदरात पाडून घ्यायचे असे: पदक, नोकरी, निदान प्रमाणपत्र. चाळिशी ओलांडलेल्या बँक अधिकाऱ्याने कोणी मागे लागलेले नसताना बेचाळीस किलोमीटर धावावे, ही गोष्ट तेव्हा थोडी विक्षिप्तच वाटली असती.

१५ फेब्रुवारी २००४ रोजी पहिली मुंबई मॅरेथॉन झाली आणि त्या विक्षिप्तपणाला प्रतिष्ठा मिळाली. पूर्ण आणि अर्ध्या अंतराच्या जोडीला सहा-सात किलोमीटरची ‘ड्रीम रन’ ठेवल्यामुळे कधीच न धावलेली माणसेही त्या दिवशी रस्त्यावर उतरली. त्यातली काही पुढच्या वर्षी अर्ध्या मॅरेथॉनला आली. पुढे शर्यतीचा दिवस जानेवारीत स्थिरावला. २००९ मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतू खुला झाल्यावर तोही मार्गात आला. सपाट शहरातल्या या मार्गावर शेवटच्या टप्प्यात पेडर रोडचा चढ लागतो. डोंगरी शर्यतीच्या मापाने तो काहीच नाही, पण मुंबईच्या कित्येक धावकांना चढाची पहिली धास्ती त्यानेच घातली.

पुढच्या सात-आठ वर्षांत शिवाजी पार्क, मरीन ड्राइव्ह, ठाण्याचे येऊर, पुण्यातल्या टेकड्या आणि विद्यापीठाचा परिसर येथे धावकांचे गट जमू लागले. रविवारचा ‘लाँग रन’ आणि त्यानंतरची इडली किंवा पोहे हे ठरून गेले. २०११ मध्ये वसई-विरारची मॅरेथॉन सुरू झाली, २०१२ मध्ये मिलिंद सोमण यांच्या पुढाकाराने केवळ महिलांसाठीची ‘पिंकेथॉन’. साडीत, सलवार-कमीजमध्ये, जशा असतील तशा या, हे तिचे धोरण अनेकींना घराबाहेर काढण्यास पुरेसे ठरले. त्याच सुमारास बारामतीच्या लता करे नऊवारीत, अनवाणी धावून ज्येष्ठांच्या शर्यतीत पहिल्या आल्या. पतीच्या उपचारासाठी बक्षिसाची रक्कम हवी म्हणून त्या धावल्या होत्या. पुढे त्यांच्यावर चित्रपटही निघाला. हौशी धावण्याच्या इतिहासात त्यांचे नाव नेहमी कौतुकाने घेतले जाते, पण त्या धावण्यात हौस नव्हती, हे त्याबरोबर सांगायला हवे.

या काळात सर्वांत जास्त बदलले ते बूट. २००४ मध्ये दुकानात ‘स्पोर्ट्स शूज’ मिळत. त्यातले धावण्यासाठी कोणते आणि कॉलेजला जाण्यासाठी कोणते, हे विक्रेत्यालाही सांगता येत नसे. जाणकार मंडळी परदेशातल्या नातेवाइकांकडून आसिक्स किंवा ब्रूक्स मागवत. त्यांच्याबरोबर एक शास्त्रही आले. ओल्या पायाचा ठसा कागदावर उमटवायचा, तळव्याची कमान किती ते पाहायचे, पाऊल आत किती कलंडते हे ठरवायचे आणि त्यानुसार साधा, आधार देणारा किंवा पावलाची हालचाल रोखणारा बूट घ्यायचा. दिसायला हे इतके तर्कशुद्ध होते की कोणी शंका घेतली नाही. पुढे अमेरिकन सैन्यातील नवशिक्यांना कमानीनुसार बूट देऊन पाहिले, तेव्हा दुखापती जवळजवळ तेवढ्याच राहिल्या. डेन्मार्कमधील नव्या धावकांवर २०१४ च्या सुमारास झालेल्या अभ्यासात सर्वांना एकाच प्रकारचे साधे बूट दिले होते. पाऊल आत कलंडणाऱ्यांना त्यात जास्त दुखापती झाल्या नाहीत. ठशाची चाचणी मात्र दुकानांतून अजून गेलेली नाही.

दुसरी लाट उलट्या, म्हणजे अनवाणी धावण्याच्या, दिशेने आली. ख्रिस्तोफर मॅकडुगल यांचे ‘बॉर्न टू रन’ हे पुस्तक २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१० मध्ये डॅनियल लीबरमन आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की अनवाणी धावण्याची सवय असलेले धावक बहुधा टाचेऐवजी पावलाच्या पुढच्या भागावर उतरतात आणि त्यामुळे जमिनीचा पहिला धक्का कमी बसतो. एवढ्यावरून जाड तळ हाच सगळ्या दुखण्यांचे मूळ, असा निष्कर्ष वाचकांनी स्वतःच काढला. पाच बोटांचे मोज्यांसारखे बूट मुंबई-पुण्यातही दिसू लागले. सोमण स्वतः अनवाणी धावत असल्यामुळे इथे या मताला ओळखीचा चेहराही मिळाला. ज्यांनी वर्ष-दोन वर्षे लावून हळूहळू पाय तयार केले त्यांना फायदा झाला. ज्यांनी सोमवारी जाड बूट सोडून मंगळवारी दहा किलोमीटर मारले, त्यांच्या पोटऱ्या आखडल्या आणि काहींच्या पावलांच्या हाडांना सूक्ष्म तडे गेले. २०१४ मध्ये व्हायब्रम कंपनीने आपल्या पाच बोटांच्या बुटांच्या आरोग्यविषयक दाव्यांवरून अमेरिकेत चाललेला खटला ३७.५ लाख डॉलरची तडजोड करून मिटवला, आणि ही लाट ओसरली.

तोपर्यंत फ्रान्समधल्या आनसी येथे २००९ मध्ये स्थापन झालेल्या होका कंपनीचे भरघोस तळाचे बूट रुळू लागले होते. ते मुळात डोंगर वेगाने उतरण्यासाठी काढले होते; रस्त्यावरच्या थकल्या गुडघ्यांनी ते नंतर आपलेसे केले. २०१७ मध्ये नायकीने हलक्या, उसळत्या फोममध्ये कार्बनची पट्टी बसवलेला बूट बाजारात आणला. विक्रम इतक्या झपाट्याने पडू लागले की २०२० मध्ये जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेला रस्त्यावरील बुटाच्या तळाची जाडी ४० मिलिमीटर आणि पट्टी एकच, अशी मर्यादा घालावी लागली. पाच तासांत मॅरेथॉन पुरी करणारे धावकही आज तो घालतात. त्यांना त्याचा किती उपयोग होतो हा प्रश्न वेगळा. वीस हजारांच्या बुटाने पहाटे चारला अंथरूण सोडवत असेल तर तोही उपयोगच म्हणायचा. बायोमेकॅनिक्सचे अभ्यासक बेन्नो निग यांनी २०१५ मध्ये मांडलेला निकष या सगळ्यात सर्वांत साधा आहे: घालून धावल्यावर जो पायाला आपला वाटतो, तोच बहुधा योग्य.

सह्याद्रीत धावण्यासाठी हा निकष पुरत नाही, कारण इथे पायाच्या आधी जमिनीचा विचार करावा लागतो. गिर्यारोहकांनी तो फार पूर्वी केला होता. हंटर शूज आणि नंतर अ‍ॅक्शनचे ट्रेकिंगचे बूट काही शे रुपयांत मिळत आणि कातळावर घट्ट धरत. कित्येक किल्ले त्यांवरच पालथे घातले गेले. धावण्यासाठी ते जड आणि ताठ पडत. २००९ मध्ये डेकॅथलॉनने भारतात पहिले दुकान काढले आणि काही वर्षांत ते महाराष्ट्रातही पसरले. तेव्हा कुठे ट्रेल रनिंगचा बूट सामान्य नोकरदाराच्या आवाक्यात आला. सालोमोन आणि होका नंतर आले, चौपट किमतीला.

ट्रेलच्या बुटाची निवड ऋतूवर ठरते. पावसाळ्यातल्या चिखलाला तळाच्या खुट्या पाच-सहा मिलिमीटर उंच आणि विरळ लागतात, म्हणजे चिखल अडकून राहत नाही. पण त्याच वाटेवर शेवाळलेला काळा कातळ येतो, आणि तिथे खुट्या काही करत नाहीत. तिथे रबर मऊ आणि चिकट असावे लागते. मऊ रबर लवकर झिजते, टिकाऊ रबर घसरते. दोन्ही गुण एकाच बुटात पुरेपूर मिळत नाहीत. डिसेंबरनंतर गवत वाळते आणि उतारांवर घसारा मोकळा होतो. मग बोटे धोंड्यांपासून वाचवणारा टणक पुढचा भाग आणि तळव्याखालची संरक्षक पट्टी महत्त्वाची ठरते. जलरोधक बूट इथल्या पावसात बहुधा निरुपयोगी असतात: पाणी घोट्यावरून आत शिरते आणि बाहेर पडू शकत नाही. साधी जाळी ओली होते, तशीच निथळतेही. एक गोष्ट सर्व ऋतूंत सारखी. उतरताना पाऊल पुढे सरकते, म्हणून बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. नाहीतर शर्यतीनंतर नखे काळी पडून गळतात.

रस्त्यावरचा धावक डोंगराकडे वळला तो साताऱ्यामुळे. २०१२ मध्ये सुरू झालेली सातारा हिल हाफ मॅरेथॉन शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढते, कासच्या रस्त्याने पुढे जाते आणि त्याच वाटेने परतते. मार्ग डांबरीच, पण अर्धे अंतर चढाचे. तिथे भल्याभल्यांनी भर शर्यतीत चालायला सुरुवात केली आणि त्यात लाज नाही हे एकमेकांकडे पाहून शिकले. डांबर सोडायला आणखी काही वर्षे लागली. दशकाच्या अखेरीस पुण्याजवळ सिंहगड, राजगड आणि तोरणा जोडणारी एसआरटी अल्ट्रा सुरू झाली. ट्रेकर जी वाट दोन दिवसांत करत, ती सर्वांत लांब अंतर निवडणाऱ्या धावकांना एका दमात पार करायची होती. तोरणा १,४०३ मीटर उंच आहे. आल्प्सपुढे ही उंची किरकोळ, पण सोंडा इतक्या खड्या आहेत की चढ-उतारांची बेरीज पाहता पाहता हजारांत जाते.

या शर्यतींनी सरावाची भाषा बदलली. रस्त्यावर सगळे गणित प्रति किलोमीटर किती मिनिटे यावर चाले. खिंडीत त्याला अर्थ उरत नाही. सराव तासांत आणि आठवड्याला चढलेल्या मीटरांत मोजला जाऊ लागला. शनिवार-रविवार लागोपाठ दोन लांब फेऱ्या करायच्या, म्हणजे दुसऱ्या दिवशी थकलेल्या पायांनी डोंगर कसा वाटतो ते कळते. पुणेकरांना यात सोय मोठी होती. आतकरवाडीतून सिंहगड चढण्याची रविवारची प्रथा पिढ्यांची, आणि कात्रज ते सिंहगड ही तेरा टेकड्यांची वाट ट्रेकर रात्री चालतच होते. त्याच वाटांवर घड्याळ लावले की सराव तयार. मुंबईकरांनी उड्डाणपूल आणि इमारतींचे जिने वापरले. येऊर किंवा बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान जवळ असलेले नशीबवान.

सर्वांत उशिरा कळलेली गोष्ट उताराची. चढताना दम लागतो म्हणून सगळे लक्ष चढावर असते, पण पाय निकामी होतात ते उतरताना. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराला रोखून धरतो. त्याने तंतूंना इजा होते आणि तिसऱ्या दिवशी जिना उतरताना हात कठड्याकडे जातो. यावर एकच उपाय लागू पडतो: आधी थोडे उतरून ठेवणे. एकदा सोसलेला उतार पुढचे काही आठवडे स्नायूंना संरक्षण देतो, म्हणून शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी एक दणदणीत उतरण करून घेतात. पावले आखूड, नजर तीन-चार पावले पुढे, टाच रोवायची नाही. राजगडाच्या पायथ्याच्या गावातली पोरे हे कोणी न शिकवता करतात.

पाणी आणि मीठ हा दुसरा मोठा धडा. सुरुवातीच्या वर्षांत प्रत्येक टेबलावर पाणी प्या असाच सल्ला असे. बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावकांचे रक्त तपासून २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १३ टक्क्यांच्या रक्तातील सोडियम घसरलेले आढळले. नुसते पाणी जास्त पिणे हे त्यामागचे प्रमुख कारण होते. आता तहानेप्रमाणे पिणे आणि मीठ सोबत ठेवणे रूढ झाले आहे. जेलची पाकिटे महाग, त्यामुळे राजगिऱ्याची चिक्की, खजूर, मीठ लावलेले उकडलेले बटाटे आणि लिंबू-मीठ-साखरेचे पाणी हे इथल्या ट्रेल शर्यतींचे खरे खाणे.

कोविडमुळे मुंबई मॅरेथॉन २०२१ आणि २०२२ मध्ये रस्त्यावर झालीच नाही. ती जानेवारी २०२३ मध्ये परतली. या खंडात गर्दी टाळणाऱ्या अनेकांनी जवळचा डोंगर धरला आणि निर्बंध उठल्यावरही सोडला नाही. २००३ मध्ये फ्रान्समधील शामोनी येथे सुरू झालेल्या, माँ ब्लाँला सुमारे १७० किलोमीटरचा वळसा घालणाऱ्या शर्यतीचे नाव आज इथल्या गटांत सहज निघते. तिथल्या सोडतीत भाग घेण्यासाठी आधी मान्यताप्राप्त शर्यती पुऱ्या कराव्या लागतात. त्यासाठी काही मराठी धावक परदेशांतील डोंगरी शर्यती गाठतात.

इथे आता अडचण वेगळी आहे. सोंडेवरची पायवाट एकेरी, मुरमाड, आणि पावसाळ्यानंतर ठिसूळ. एका सकाळी शेकडो पाय पडले की ती रुंदावते आणि कडा ढासळतात. वाटेचा काही भाग वनखात्याच्या हद्दीत, किल्ला पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीत आणि पायथा ग्रामपंचायतीकडे, तेव्हा आयोजकाला अनेक दारे ठोठवावी लागतात. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यात राजगड आहे, सिंहगड आणि तोरणा नाहीत. एका शर्यतीच्या तीन किल्ल्यांपैकी एकाचा दर्जा असा वेगळा झाल्यावर त्याच्या वाटेवर एका वेळी किती धावक सोडायचे, हे पुढच्या काळात नव्याने ठरवावे लागेल.