लांबच्या प्रवासाआधी शहरात एक फेरी : टँडेम सायकलचा धडा

मुलांनो, डबलसीट सायकल तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी चालवली असेल. पुढचा घाम गाळतो आणि मागचा कॅरिअरवर बसून गप्पा मारतो! टँडेम सायकलही दोघांचीच, पण तिच्यावर मागच्याला नुसतं बसून चालत नाही. तिला दोन सीट, दोन हँडल आणि पेडलच्या दोन जोड्या असतात. मागचं हँडल फक्त धरण्यासाठी असतं. वळवणं, ब्रेक लावणं आणि बहुतेक वेळा गिअर बदलणं हे काम पुढच्याचं. त्याला ‘कॅप्टन’ म्हणतात आणि मागच्याला ‘स्टोकर’, म्हणजे इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारा.

नेहमीच्या टँडेममध्ये पेडलच्या दोन्ही जोड्या एकाच चेनने जोडलेल्या असतात. त्यामुळे एकाने पाय थांबवले की दुसऱ्याचे पायही थांबतात. न सांगता थांबवले तर दुसऱ्याला झटका बसतो. मागच्याला समोरचा रस्ता दिसत नाही, दिसते ती फक्त पुढच्याची पाठ!

आता समजा, तुम्ही आणि तुमची ताई टँडेमवरून डेन्मार्कच्या कोपनहेगनहून जर्मनीतल्या बर्लिनला निघालात. ताई पुढे, तुम्ही मागे. हा सायकलमार्ग ६०० किलोमीटरहून लांब आहे. वाटेत गेडसर ते रोस्टोक असा समुद्र बोटीने ओलांडावा लागतो. मग पहिल्याच दिवशी निघायचं का? नाही. आधी एक दिवस शहरातच फिरायचं. का, ते पाहू.

कोपनहेगनमध्ये मोठ्या रस्त्यांच्या कडेला सायकलींसाठी वेगळा पट्टा असतो. तो मोटारींच्या रस्त्यापेक्षा थोडा उंच आणि फूटपाथपेक्षा थोडा खाली असतो. त्यामुळे चुकत-माकत शिकणाऱ्याला मोटारींची भीती कमी. मात्र सकाळी कामावर जाणाऱ्यांची गर्दी फार. म्हणून सराव दुपारी करावा, आणि तिथे वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते हे विसरू नये.

पहिला धडा निघण्याचा. ताई दोन्ही पाय जमिनीवर टेकून ब्रेक घट्ट दाबून उभी राहते. तुम्ही मागे चढून दोन्ही पाय पेडलवर ठेवता. “तयार?” “तयार!” मगच सायकल हलते.

दुसरा धडा बोलण्याचा. “खड्डा!”, “पाय थांबव”, “गिअर बदलतेय” हे ताईने मोठ्याने सांगायला हवं. हाताचे इशारे मात्र तुम्ही करा, कारण तिचे हात ब्रेकवर हवेत. तिथे थांबण्याआधी हात वर करून मागच्यांना सूचना देतात. डावीकडे जायचं असेल तर सायकलस्वार चौकातून एकदम वळत नाहीत. आधी सरळ पलीकडे जातात, तिथे थांबतात आणि मग डावीकडचा रस्ता धरतात.

तिसरा धडा सायकलच्या लांबीचा. टँडेमला वळायला जास्त जागा लागते. दोघांच्या वजनामुळे उतारावर ती सुसाट सुटते आणि ब्रेक लवकर लावावे लागतात. याचा अंदाज घ्यायला ‘सायकलस्लँगन’ म्हणजे ‘सायकल-साप’ हा पूल छान आहे. २०१४ साली खुला झालेला हा नारिंगी रंगाचा पूल बंदराच्या पाण्यावरून वळणं घेत जातो. तो होण्याआधी तिथे सायकलस्वारांना जिन्याचा अडथळा होता. लांबलचक टँडेम जिन्यावरून न्यायची म्हणजे काय, कल्पना करा!

शेवटी प्रवासाचं सगळं सामान बांधून आणखी एक फेरी मारा. सीटची उंची, दुखणारी पाठ, सैल ब्रेक आणि पंक्चर काढण्याचं साहित्य, सगळं इथेच तपासा. शहरात काही अडलं तर दुकान जवळ असतं. दोन गावांच्या मध्ये, पावसात, कोण मदतीला येणार?

पण सगळ्यात मोठी तपासणी सायकलची नाही, विश्वासाची आहे. मागच्याकडे बहुतेक वेळा ब्रेक नसतो. त्याचा ब्रेक म्हणजे त्याचा शब्द. म्हणून नियम असा, की दोघांपैकी कोणीही “थांब” म्हणालं, तर आधी थांबायचं आणि कारण नंतर विचारायचं. शहरातल्या फेरीत हे जमलं नाही, तर प्रवास दोन दिवस पुढे ढकलावा. त्यात कमीपणा काहीच नाही.

याच विश्वासावर दृष्टिहीन माणसंही सायकल चालवतात. पॅरालिम्पिकच्या टँडेम शर्यतीत दृष्टिहीन खेळाडू मागे असतो आणि डोळस साथीदार पुढे. पदक दोघांनाही मिळतं.

विचार करा :
१) टँडेमवर मागच्याने पुढच्याला कोणकोणत्या गोष्टी सांगायला हव्यात?
२) तुम्हाला पुढे बसायला आवडेल की मागे? का?