पहिले छोटे हेलिकॉप्टर : आधी मेज, मग आकाश

नाताळ, वाढदिवस किंवा दृढीकरण संस्कार अशा प्रसंगी मुलांस काय भेट द्यावी, हा प्रश्न घरोघरी पडतो. यंत्राची आवड असलेले मूल अशा वेळी दूरनियंत्रित हेलिकॉप्टर मागून बसते. आईबाप हौसेने ते आणतात, आणि खोके उघडल्यापासून तासाभरात ते आकाशात गेले पाहिजे असा हट्ट सुरू होतो. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशातली ही गत. अशा उतावळेपणाने पहिल्याच दिवशी पाती मोडतात. आणि पाती मोडण्यावर निभावले तर ते कुटुंब भाग्यवान म्हणावयाचे. या छंदाचा आरंभ कोठून करावा, याविषयी चार गोष्टी आम्ही येथे सांगू इच्छितो.

ज्या इगोर सिकॉर्स्की यांच्यामुळे हेलिकॉप्टर व्यवहारात आले, त्यांनी या यंत्राचा पहिला प्रयत्न 1909 साली कीव्ह शहरी केला होता. तो साधला नाही. त्यांनी तो विचार बाजूस ठेवला आणि सुमारे तीस वर्षांनी अमेरिकेत पुन्हा हाती घेतला. 14 सप्टेंबर 1939 रोजी त्यांचे व्हीएस-300 हे यंत्र भूमीपासून उचलले गेले, तेव्हा ते दोरांनी जमिनीशी बांधलेले होते आणि चालकाच्या जागी ते स्वतः बसले होते. दोर सोडून मुक्त उड्डाण झाले ते 13 मे 1940 रोजी. म्हणजे मध्ये तब्बल आठ महिने गेले. हेच सिकॉर्स्की मोठे श्रद्धावान ख्रिस्ती होते, आणि प्रभूच्या प्रार्थनेवर त्यांनी 1942 साली एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले, हे आमच्या वाचकांस ठाऊक असणे बरे. अशा पुरुषाने आठ महिने दोर बांधून ठेवले, तर आमच्या घरातील नवशिक्याने आठ दिवस मेजाशी बसण्यात कमीपणा कसला?

प्रथम निवडीचा विचार. एकाच दांड्यावर उलटसुलट फिरणारे दोन पंखे असलेली लहान हेलिकॉप्टरे स्वभावतः स्थिर असतात. घरातल्या खोलीत लहान मुलांस ती पुरेशी आहेत. परंतु ज्यास ही विद्या खरोखर शिकावयाची आहे, तो पुढे एका मोठ्या पंख्याच्या आणि शेपटीवर छोटा पंखा असलेल्या हेलिकॉप्टराकडे वळतो. त्यात पंख्याचा वेग जवळजवळ एकसारखा ठेवून पात्यांचा कोन कमीजास्त करतात व त्यायोगे यंत्र वर चढते किंवा खाली येते. हे घेण्यापूर्वी संगणकावरील सरावाच्या खेळावर, खऱ्या ट्रान्समीटरच्या काठ्या हाती धरून, काही आठवडे हात बसवावा. तेथे शंभर वेळा आपटले तरी काही मोडत नाही.

यंत्र घरी आले की पहिले काम पाती काढून ठेवण्याचे. दुसरे काम मोटरच्या तारा सोडविण्याचे. पाते मोडेल या भीतीने आम्ही हे सांगत नाही. ज्याचे एकेक पाते सुमारे 325 मिलिमीटर लांब आहे, अशा मध्यम हेलिकॉप्टराचा पंखा मिनिटास 2500 फेरे घेऊ लागला म्हणजे पात्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे 330 किलोमीटर होतो. 2013 साली न्यूयॉर्क शहरात एका 19 वर्षांच्या तरुणाचा स्वतःच्याच मोठ्या दूरनियंत्रित हेलिकॉप्टराचे पाते लागून मृत्यू झाला, आणि तो काही नवशिका नव्हता. म्हणून मेजावरील सर्व जुळणी पाती काढूनच करावी. चालू करताना आधी हातातील ट्रान्समीटर, मग हेलिकॉप्टराची बॅटरी. बंद करताना आधी बॅटरी, मग ट्रान्समीटर. हा क्रम मुलाच्या अंगवळणी पडला पाहिजे.

आता मुख्य जुळणी. मोठ्या पंख्याखाली स्वॉशप्लेट नावाची एक चकती असते. सर्व्हो म्हणजे लहान मोटरीचे हात तिला वरखाली करतात व वाकवितात, आणि तिच्या हालचालीने पात्यांचे कोन बदलतात. काठी मध्यावर ठेवली असता सर्व्होचे हात त्यांच्या दांड्यांशी काटकोनात, चकती सपाट आणि पात्यांचा कोन शून्य अंश, अशी स्थिती साधावी. कोन मोजण्यासाठी स्वस्त मापक मिळतो; त्यापुरती पाती बसवावी, मोटरच्या तारा मात्र सुटलेल्याच ठेवाव्या. नवशिक्यास वरची मर्यादा 10 अंशांच्या आसपास आणि खालची उणे 2 ते 3 अंश पुरे होते. एका जागी अधांतरी राहण्यास 5 ते 6 अंश लागतात.

यानंतरची परीक्षा सर्वांत महत्त्वाची, आणि घाईत हीच राहून जाते. यंत्राचा तोल राखणारा जो जायरो आत असतो, तो योग्य दिशेने काम करतो की नाही हे पाहावे. हेलिकॉप्टर हातात धरून पुढे झुकविले तर चकती मागे झुकली पाहिजे. उजवीकडे झुकविले तर डावीकडे. शेपटी एका बाजूस ढकलली तर शेपटीच्या पात्यांनी तिला परत आणण्याचा प्रयत्न केला पाहिजे. ही दिशा उलटी राहिली तर यंत्र स्वतःच स्वतःस पाडते, आणि कितीही कुशल हात असला तरी ते सावरत नाही.

मग किरकोळ वाटणारी कामे. धातूत बसणारा प्रत्येक स्क्रू काढून, निळ्या द्रावणाचा थेंब लावून पुन्हा आवळावा, म्हणजे थरथरीने तो सुटत नाही. बॅटरी पुढेमागे सरकवून यंत्राचा तोल मुख्य दांड्याखाली आणावा. दोन्ही पात्यांचे वजन सारखे असावे. ती फिरताना एकाच पातळीत दिसावी; एक वर व एक खाली फिरत असेल, तर यंत्र थांबवून त्या पात्याचा दुवा किंचित फिरवावा. हे निरखताना जवळ वाकण्याचा मोह होतो, म्हणून पाच-सहा मीटर दूर उभे राहण्याचा नियम मोडू नये.

बॅटरीविषयी घरातील वडील माणसांनीही जाणून घ्यावे. या लिथियम बॅटरीचा एकेक घट 4.2 व्होल्टवर पूर्ण भरतो आणि 3.0 च्या खाली उतरला तर बिघडतो. न वापरता ठेवावयाची असेल तर 3.8 च्या आसपास ठेवावी. फुगलेली बॅटरी पुन्हा भरू नये. भरताना ती फरशीवर, कपाट व अंथरुणापासून दूर असावी, आणि कोणी तरी जवळ बसलेले असावे. घरातील सर्व जण रविवारी मिस्सेला जात असता बॅटरी भरावयास लावून जाणे, हे आगीस आमंत्रण होय.

आता जागा. चर्चचे आवार मोकळे दिसते म्हणून तेथेच यंत्र उडवावे असे मुलांच्या मनात येते, आणि मिस्सा सुटल्यावर पाहणारी बालगोपाळ मंडळीही आयतीच मिळतात. याच कारणास्तव ती जागा वर्ज्य मानावी. गावाबाहेरचे रिकामे मैदान पाहावे. शिवाय आमचे पुष्कळ वाचक विमानतळांच्या शेजारी राहतात : बेळगावकरांस सांबरा, गोवेकरांस दाबोळी, ग्वाल्हेरकरांस महाराजपूर, हैदराबादकरांस बेगमपेट. 2021 साली केंद्र सरकारने ड्रोनविषयक नियम लागू केले व त्यांत आकाशाचे हिरवे, पिवळे आणि तांबडे विभाग पाडले. नियम बदलत असतात, म्हणून उडविण्यापूर्वी आपल्या गावाचा चालू नकाशा व नियम अवश्य पाहावे.

पहिल्या दिवशी उंच जाण्याची इच्छा धरू नये. पायांखाली आडव्या काड्यांची चौकट बांधावी, म्हणजे यंत्र सहसा कलंडत नाही. वारा नसलेली सकाळ निवडावी. यंत्राच्या मागे पाच-सहा मीटर उभे राहावे, शेपटी आपल्याकडे असावी. प्रथम केवळ वजन हलके करून ते जमिनीवर थोडे सरकू द्यावे. मग चार बोटे वर, आणि लगेच खाली. काही बिघडलेसे वाटले की मोटर बंद करण्याची कळ आधी दाबावी, विचार नंतर करावा. यंत्र पडले तर फार तर पैसे जातात. ते वाचविण्यासाठी धावणाऱ्याचा डोळा जाऊ शकतो.

बुरूज बांधू इच्छिणारा आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, हा प्रभूचा दृष्टांत आपण ऐकलेला आहे. या छंदातील खरा खर्च वेळेचा आहे, आणि तो आईबापांनीही द्यावयाचा आहे. यंत्र विकत आणून मुलाच्या हवाली करणे सोपे. त्याच्या शेजारी बसून एकेक स्क्रू तपासणे, आणि "आज नाही, उद्या" हे शब्द प्रेमाने पण ठामपणे उच्चारणे अवघड. ज्या मुलास दिशा तपासल्यावाचून यंत्र उडवावयाचे नाही ही सवय घरच्या मेजावर लागली, ते पुढे मोटारसायकल हाती घेताना किंवा कारखान्यात यंत्रासमोर उभे राहतानाही क्षणभर थांबून पाहील. शेजाऱ्याच्या जिवाची काळजी वाहण्याची आज्ञा अशाच लहान कामांतून पाळावयाची असते.