दोन फुटांच्या आतली सायकल

पुण्यातल्या वेताळ टेकडीवरून खाणीच्या बाजूने उतरताना मागच्या चाकातून एकदाच ‘टक’ झालं. सायकल पडली नाही, मीही पडलो नाही. पण त्यानंतर ब्रेकची चकती एका लयीत खर्र-खर्र घासायला लागली आणि चाक जरासं एका अंगाला कललेलं दिसलं. रिम आउट झाली असेल म्हणून सायकल ढकलत घरी आणली. सोमवारी पेठेतलं सायकलवाल्या काकांचं दुकान बंद, म्हणून मंगळवारी नेली. काकांनी क्विक रिलीजची सळई ओढून काढली, तर तिच्याबरोबर एक्सलचा करंगळीएवढा तुकडा त्यांच्या तळहातावर आला. एक्सल मोडलेला होता. ती पाच मिलिमीटरची सळई दोन्ही तुकडे आवळून धरून होती, म्हणून चाक जागेवर राहिलं.

“उडी मारलीत?”

“नाही हो.”

“मग दगडावरून बसून उतरलात.”

काकांनी तो तुकडा उजेडाकडे धरला. मोडलेल्या तोंडाचा निम्मा भाग काळपट, ग्रीस मुरलेला. निम्मा चांदीसारखा चकचकीत. “हा काळा भाग जुना. तडा कधीच गेला होता. रविवारी फक्त उरलेलं मोडलं.” म्हणजे मी कित्येक आठवडे अर्ध्या एक्सलवर टेकडी चढत-उतरत होतो आणि मित्रांना सांगत होतो, की वीस-पंचवीस हजारांच्या सायकलीला काही होत नाही.

एक प्रश्न मला सारखा विचारला जातो. बहुतेक वेळा विचारणारा कॉलेजातला मुलगा असतो, नाहीतर चाळिशीत डॉक्टरांनी व्यायाम सांगितलेला गृहस्थ. परवडणारी हार्डटेल दगडधोंड्यांत किती चालते? हार्डटेल म्हणजे दुकानाच्या भाषेत ‘सिंगल शॉकअप’वाली: पुढच्या फोर्कला स्प्रिंग, मागे काही नाही, मागचं चाक थेट सांगाड्याला. ॲल्युमिनियमचा सांगाडा, केबलचे डिस्क ब्रेक, चौदा-पंधरा किलो वजन. माझं उत्तर असं, की लोकांना वाटतं त्यापेक्षा ती पुष्कळ जास्त सोसते. फक्त लोक ज्या बाजूने घाबरतात त्या बाजूने ती मोडत नाही.

आधी ‘पुष्कळ सोसते’बद्दल. माउंटन बाइकचा खेळ ज्या सायकलींवर सुरू झाला त्या आज कुणी भंगारातही नीट पाहणार नाही. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत, फेअरफॅक्स गावाजवळ, डोंगरातून उतरणारा एक कच्चा रस्ता आहे. जेमतेम दोन मैलांत 1300 फूट खाली येणारा. 21 ऑक्टोबर 1976 रोजी तिथे पहिली शर्यत झाली. गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली ही त्या टोळक्यातली मंडळी. हाताखाली 1930-40च्या दशकांतल्या श्विन कंपनीच्या जाडजूड सायकली. शॉकअप नाहीच, ब्रेक पॅडल उलटं दाबून लागणारा, मागच्या हबच्या आत. खाली पोचेपर्यंत हब इतका तापायचा की आतलं ग्रीस धूर होऊन उडून जायचं आणि हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. त्यावरूनच त्या उताराचं नाव पडलं ‘रिपॅक’. फिशरने तो उतार 4 मिनिटं 22 सेकंदांत मारला होता. पहिला यशस्वी शॉकअप फोर्क, रॉकशॉक्सचा आरएस-1, बाजारात आला तो 1989 साली, आणि त्याची हालचाल पाच सेंटिमीटरच्या आतबाहेर. आज आपल्याकडच्या परवडणाऱ्या हार्डटेलचा फोर्क आठ ते दहा सेंटिमीटर दबतो. म्हणजे कागदावर तरी आपण त्या सगळ्यांच्या पुढे आहोत.

कागदावर. कारण फोर्क किती दबतो यापेक्षा तो परत कसा येतो, यात खरे पैसे असतात. स्वस्त फोर्कच्या एका पायात पोलादी स्प्रिंग असते आणि दुसरा पाय बऱ्याचदा जवळजवळ रिकामा. महाग फोर्कमध्ये त्या दुसऱ्या पायात तेल असतं, बारीक छिद्रांतून जाणारं, आणि ते स्प्रिंगला सावकाश उघडायला लावतं. ते नसेल तर स्प्रिंग जेवढं गिळते तेवढं लगेच ओकते. एखाद-दुसरा दगड असेल तर कळतही नाही. पण तळजाईच्या एखाद्या ओघळीत नारळाएवढे दगड ओळीने पडलेले असले, की तिसऱ्या-चौथ्या दगडाला हँडल हातांत उड्या मारायला लागतं आणि चाक जमिनीवर कमी, हवेत जास्त. चाक हवेत असेल तर वळणही नाही आणि ब्रेकही नाही. अशा फोर्कवर उपाय एकच, वेग कमी. फोर्कच्या डोक्यावर जी फिरवायची टोपी असते तिने स्प्रिंग कडक होते असा समज आहे. तसं होत नाही, ती फक्त आधीच थोडी दाबून बसवली जाते. मी स्वतः दोन वर्षं ती टोपी आवळून ‘सेटिंग’ करत होतो.

आता माझ्या एक्सलकडे. स्वस्त सायकलीच्या मागच्या चाकाला बहुधा फ्रीव्हील असतं: दातेऱ्या चकत्यांचा अख्खा गठ्ठा हबवर आट्यांनी बसवलेला. त्या गठ्ठ्याला जागा हवी म्हणून उजव्या बाजूचं बेरिंग तीन बोटं आत सरकलेलं. मधला एक्सल, दहा मिलिमीटर जाडीचा आणि आतून पोकळ, त्या तीन बोटांत आधाराशिवाय लोंबतो. भिंतीतून बाहेर आलेल्या फळीच्या टोकावर पंचाहत्तर किलोचा माणूस दिवसभर उठाबशा काढतोय, असं समजा. शिमानोने 1978 मध्ये फ्रीहब आणला तो यासाठीच म्हटलं तरी चालेल. त्यात बेरिंग पार कडेला गेलं आणि लोंबणारा भाग जवळजवळ संपला. सायकल घेताना मागच्या चकत्या मोजाव्यात. सात असतील तर बहुधा फ्रीव्हील. आठ-नऊ असतील तर दुकानदाराला सरळ विचारावं, आणि तो “सेमच असतं साहेब” म्हणाला तर दुसरं दुकान बघावं.

सांगाड्याची धास्ती मात्र उगाच. डोंगरात ‘फ्रेम तुटेल’ ही सगळ्यांची पहिली भीती असते, आणि माझ्या ओळखीत उतारावर कुणाची फ्रेम तुटलेली मी पाहिलेली नाही. जातात ते एक्सल, स्पोक, रिम, क्रँकचा आटा आणि हँगर. हँगर म्हणजे मागचा डिरेलर ज्याला लटकतो तो ॲल्युमिनियमचा छोटा तुकडा. तो मऊ ठेवलेला असतो तो मुद्दाम, दगडाला आपटला तर त्याने मोडावं आणि फ्रेम वाचवावी म्हणून. जादाचा एक खिशात ठेवावा. प्रत्येक मॉडेलचा आकार वेगळा, आणि रविवारी दुपारी तो कुठेच मिळत नाही.

मर्यादा कुठे आहे हे खरं तर सायकलीवरच लिहिलेलं असतं, पण ते स्टिकर आपण पहिल्याच आठवड्यात खरवडून काढतो. अमेरिकेत एएसटीएम एफ 2043 नावाचं मानक आहे. त्यात सायकलींचे वापरानुसार वर्ग पाडलेत. वर्ग 2 म्हणजे खडीचे, मातीचे रस्ते आणि 15 सेंटिमीटरपर्यंतची पायरी. वर्ग 3 म्हणजे खडबडीत पाऊलवाट आणि 61 सेंटिमीटर, म्हणजे दोन फुटांच्या आतली उडी. त्यापुढच्या वर्गात 122. परवडणाऱ्या हार्डटेलवर कधी 2 असतो, कधी 3. आता हिशेब करा. दोन फुटांवरून पडलेली वस्तू जमिनीला ताशी साडेबारा किलोमीटरच्या वेगाने भिडते, सहा इंचांवरून पडलेली सहाच्या. वेग दुप्पट, पण चाकाला पचवावी लागणारी ऊर्जा चौपट. शिवाय आकडा सपाट जमिनीवर धाडकन उतरण्याची परवानगी म्हणून वाचायचा नाही.

“बसून उतरलात” या काकांच्या दोन शब्दांत मात्र सगळं आलं. हार्डटेलच्या मागच्या चाकाला शॉकअप नाही असं आपण म्हणतो, पण असतो: चालवणाऱ्याचे गुडघे. पॅडल आडव्या पातळीत, सीटवरून उठलेला, कोपरं बाहेर, गुडघे सैल, अशा माणसाखालून सायकल दगडावरून नुसती डुलत जाते. तोच माणूस सीटवर गोणीसारखा बसला, तर दगडाचा प्रत्येक ठोका एक्सलमधून थेट पाठीच्या मणक्यात. आणि उठायचं तर आधी सीट खाली हवी. चढाला उंच केलेली सीट उताराआधी चार बोटं खाली घ्यायला अर्धा मिनिट लागतो. तेवढा आळस मला एका एक्सलला पडला. जुन्या धाटणीच्या स्वस्त फ्रेमचा पुढचा नळा बराच उभा असतो, सत्तर अंशांच्या आसपास, त्यामुळे तीव्र उतारावर आपण हँडलवरून पुढे फेकले जाऊ असं वाटत राहतं. सीट खाली घेतली की ती भीतीही निम्मी होते.

पैसे घालायचेच असतील तर कुठे? मी टायर म्हणेन, आणि हवेचा मीटर असलेला पंप. पंक्चरवाला चाक टणक करून देतो, पन्नास-साठ पीएसआय. मुरमाच्या उतारावर त्या टायरखाली खडे छऱ्यांसारखे घरंगळतात. सव्वादोन इंची टायर आणि सत्तर किलोचा माणूस असेल तर तिशीच्या आसपास पुरते. त्याच्या खूप खाली गेलात तर दगडाच्या धारेवर ट्यूब रिममध्ये चिमटते आणि साप चावल्यासारखी दोन भोकं पडतात. मग ब्रेक. केबलच्या डिस्क ब्रेकमध्ये बहुधा एकच पॅड हलतो आणि चकतीला वाकवून दुसऱ्या पॅडवर नेऊन दाबतो. पावसाळ्यात चिखलाने पॅड झिजले, की लीव्हर हँडलला टेकेपर्यंत दाबूनही सायकल निवांत चाललेली असते. ॲलन की फिरवून स्थिर पॅड पुढे घ्यायला शिकलात तर तो ब्रेक वाईट नाही. फोर्क सगळ्यात शेवटी बदलावा. मी तर म्हणेन, बदलूच नये. वीस हजारांच्या सायकलीला पंधरा हजारांचा फोर्क लावण्यापेक्षा तिलाच जपून वापरावं आणि पुढची चांगली घ्यावी.

दुसरं टोक म्हणजे शाळकरी पोरांत भारी लाडकी असलेली ‘डबल शॉकअप’. त्याच किमतीत मागेही स्प्रिंग, म्हणजे कंपनीने कुठेतरी हात आखडला असणारच. मधले सांधे सहा महिन्यांत खुळखुळतात, वजन वाढतं आणि पॅडल मारलेलं बरंचसं बळ स्प्रिंग खाते. रस्त्यावर मिरवायला ठीक आहे. टेकडीवर नको.

आणि टेकडी पावसात नकोच. शेवाळलेल्या काळ्या दगडावर कुठलाच टायर धरत नाही, ओल्या वाटेत पडलेली चाकोरी पुढच्या पावसाला ओहोळ होते, शिवाय सकाळच्या आजी-आजोबांना वळणावर अचानक सायकल समोर आलेली आवडत नाही. त्यांचं बरोबर आहे. घंटी लावावी, आणि अरुंद वाटेवर उतरून चालावं.

काकांनी नवा एक्सल घातला, कोन आवळले, छर्रे बदलले आणि मोडका तुकडा कागदात बांधून माझ्या हातात दिला. मग न विचारता सीट चार बोटं खाली करून टाकली. ती मी घरी येऊन पुन्हा वर केली, चढ आहे ना आधी. आता दर रविवारी परत आल्यावर पुढचा ब्रेक दाबून हँडल मागे-पुढे हलवतो, मागचं चाक धरून डावी-उजवीकडे ओढून बघतो. मागचं चाक आज गप्प होतं. हँडलपाशी मात्र बारीकसं ‘टक’ ऐकू आलं. हेडसेट असेल. उद्या सोमवार, दुकान बंद.