चंद्र दिसला तर सांदण

रमजानच्या खाण्याचा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मुंबईचा मोहम्मद अली रोड येतो. कबाब, नल्ली निहारी, मालपुवा. बोईसरमध्येही रोजा सोडायच्या वेळी समोसे, भजी, खजूर आणि कापलेल्या फळांच्या गाड्यांभोवती गर्दी होते. औद्योगिक वसाहतीत उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेल्या कामगारांची चवही त्यात मिसळली आहे. पालघर-तारापूर पट्ट्यातल्या जुन्या कोकणी मुस्लिम घरांची ईद मात्र तांदूळ आणि नारळाची. शीरखुर्मा असतोच, पण त्याच्या जोडीला वाफेवरचे पांढरेशुभ्र सांदण हवे.

हे नाव मराठी घरांना परके नाही. कोकणातल्या हिंदू घरांत फणस पिकला की त्याच्या रसात तांदळाच्या कण्या घालून पिवळेधमक सांदण होते. याच जिल्ह्यातल्या वसईत ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत सांदणाचे पीठ ताडीवर फुगवण्याची पद्धत आहे. मुस्लिम घरात ताडी वर्ज्य. तिथे नारळाचे पाणी, साखर आणि यीस्ट तेच काम करतात. भिजवलेले तांदूळ आणि ओले खोबरे वाटायचे, पीठ फुगले की तूप लावलेल्या वाट्यांत अर्धेच ओतायचे आणि वाफवायचे. इडलीपात्र नसेल तर मोदकपात्र चालते, आणि चाळणी ठेवलेले साधे पातेलेही. सांदण तिखट रश्शाशी खातात किंवा नारळाच्या गोड दुधाशी.

आता खरी अडचण. ईद उद्या की परवा, हे एकोणतिसाव्या रोजाच्या संध्याकाळी चंद्र दिसल्याशिवाय कळत नाही. तांदूळ मात्र त्याआधी काही तास भिजायला हवेत आणि वाटलेल्या पिठाला फुगायला वेळ हवा. भिजवले आणि चंद्र नाही दिसला, तर पीठ आंबून जाते. नाही भिजवले आणि दिसला, तर नमाजहून परतणाऱ्या माणसांपुढे काय ठेवायचे? (बोहरा बांधवांना हा पेच नाही. त्यांचे पंचांग आधीच ठरलेले असते.) पूर्वी हा अंदाज घरातल्या वडीलधाऱ्या बाईचा. यीस्टच्या पुडीने तो भार हलका केला. आता तांदूळ भिजवून ठेवायचे, वाटायचे मात्र चंद्राची बातमी आल्यावर. पीठ दीड-दोन तासांत फुगते. सावकाश आंबलेल्या पिठाची चव त्याला नाही, हेही खरे. तरीही दिवसपाळी-रातपाळीच्या घरांत सांदण टिकले असेल तर ते या पुडीमुळेच.

यंदा, २०२६ मध्ये, तर गंमतच आहे. पहिला रोजा १९ फेब्रुवारीला झाला. म्हणजे एकोणतिसावा रोजा १९ मार्चला, नेमका गुढीपाडव्याच्या दिवशी. चैत्र आणि शव्वाल हे दोन्ही महिने एकाच अमावास्येनंतर सुरू होतात, म्हणून हा योग. सकाळी एका दारात गुढी उभी राहील आणि संध्याकाळी शेजारच्या गच्चीवरून चंद्रकोर शोधली जाईल. त्यात ख्रिस्ती बांधवांचा उपवासकाळही १८ फेब्रुवारीपासून सुरू आहे. ईस्टर ५ एप्रिलला आहे.

त्यामुळे ईदला शेजारी पाठवायच्या ताटात काय असावे, हा प्रश्न यंदा सोपा नाही. ईद २० तारखेला आली तर तो शुक्रवार. उपवासकाळातल्या शुक्रवारी अनेक ख्रिस्ती घरांत मांस खात नाहीत, तेव्हा रस्सा पाठवून उपयोग नाही. पाडव्यापासून चैत्री नवरात्र बसते. ज्यांचा उपवास आहे, त्यांना तांदूळ-गहू चालत नाहीत, म्हणजे सांदणही नाही आणि शेवयाही नाहीत. अशा घरी खजूर जातो, नाहीतर घोलवडचे चिकू. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेले हे फळ कोणाच्याच उपवासाला मोडत नाही. उरलेल्या घरांना सांदण आणि नारळाचे दूध. ते दूध वेगळ्या भांड्यात काढावे आणि रश्श्याचा डाव त्यात बुडवू नये, एवढे पथ्य पाळले की शाकाहारी शेजाऱ्यालाही निर्धास्त खाता येते. कोणाचा कोणता वार, कोणाचे काय वर्ज्य, हे सोसायटीच्या नोंदवहीत लिहिलेले नसते. ताट झाकून देणाऱ्या बाईला ते पाठ असते. नव्या इमारतीत समोरच्या दारावरची पाटीसुद्धा वाचली जात नाही, तिथे हे पाठांतर सुटत चालले आहे. मग ताटाऐवजी मिठाईचा बंद डबा जातो.

ज्यांना घरी करून पाहायचे आहे, त्यांनी पहिल्या खेपेला वाट्या छोट्या घ्याव्यात. मोठ्या वाटीत सांदण वरून शिजलेले दिसते आणि मधे कच्चे राहते. सुरी खुपसून कोरडी निघाली की झाले. गरम असताना काढू नये, तुटते. उरलेच तर दुसऱ्या दिवशी आडवे कापून तव्यावर तुपात खरपूस परतावे. मुलांना तेच जास्त आवडते.