नकाशाची चाळण

सांगलीच्या पेठेत हळद येते ती काही एका मापाची येत नाही. हळकुंडे एकीकडे, गड्डे दुसरीकडे, चुरा तिसरीकडे अशी निवड झाल्यावाचून तिचा भाव ठरत नाही. आम्हां भूगोलाच्या माणसांवर हल्ली हीच वेळ आली आहे. नकाशा पूर्वी भिंतीवर टांगलेला असे. आता तो संगणकाच्या धारिकेत असतो, आणि त्या धारिकेत नको तेवढे भरलेले असते. २००४ साली सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या लोकनकाशातून पश्चिम भारताची धारिका उतरवून घेतली, तर मुंबईतल्या बसथांब्यापासून कच्छच्या वाटांपर्यंत सगळे घरी येते. आपल्याला हवी असतात कृष्णाकाठची चार गावे!

या धारिकेत चित्र नसते, हे आधी ध्यानात घ्या. गाव म्हणजे एक बिंदू, नदी म्हणजे बिंदू जोडून केलेली रेषा, तालुका म्हणजे मिटवलेली रेषा. प्रत्येकामागे तलाठ्याच्या वहीतल्यासारखी एक ओळ असते : नाव काय, प्रकार कोणता, इत्यादी. तेव्हा चाळण्याही दोनच. एक वहीतल्या शब्दांवरून निवडते, दुसरी जमिनीवरच्या जागेवरून.

या दोन्ही चाळण्या एका फुकट मिळणाऱ्या साधनात आहेत. त्याचे नाव ओजीआर-टू-ओजीआर. फ्रँक वॉर्मरडॅम या गृहस्थांनी १९९८ साली ज्या जीडॅल नावाच्या संचाचे काम हाती घेतले, त्यातलेच हे एक. त्याला खिडक्या नाहीत, बटणे नाहीत. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची आणि कळ दाबायची. आमची मुले पहिल्या दिवशी बिचकतात. पण बटणे दाबून केलेले काम दुसऱ्या दिवशी आठवत नाही. लिहिलेली ओळ मात्र तशीच राहते आणि चूक झाली तर बोट ठेवून दाखवता येते.

ओळीत आधी साधनाचे नाव, मग नव्या धारिकेचे, मग जुन्या धारिकेचे. हो, नवी आधी आणि जुनी मागाहून! हा उलटा क्रम सगळ्यांनाच एकदा तरी फसवतो. पुढे ‘व्हेअर’ हा शब्द आणि अट : जलमार्गाचा प्रकार नदी असेल तर घे. सबंध अट दुहेरी अवतरणात, तिच्यातला शब्द एकेरीत. मूळ धारिकेला धक्का लागत नाही. निवडलेला माल नव्या पोत्यात पडतो.

जागेची चाळण म्हणजे ‘स्पॅट’. तिला चौकटीचे चार आकडे द्यायचे : पश्चिम, दक्षिण, पूर्व, उत्तर. सांगली शहराभोवती ७४.५, १६.८, ७४.७, १६.९५ असे काहीसे होतात. रेखांश आधी, अक्षांश नंतर. आपल्या तोंडी मात्र ‘अक्षांश-रेखांश’ अशीच जोडी बसलेली. त्या सवयीने आकडे फिरवले की आपली सांगली नॉर्वेच्याही उत्तरेला, थंडगार समुद्रात जाऊन पडते. साधन तक्रार करीत नाही; मुकाट्याने रिकामी धारिका हातावर ठेवते. मूळ धारिका अंशांऐवजी मीटरांत मोजलेली असेल, तरीही असाच शून्याचा प्रसाद मिळतो.

आणखी एक बारकावा. ‘स्पॅट’ निवडते, कापत नाही. नदीच्या रेषेचा एखादा तुकडा चौकटीत नुसता शिरला, तरी तो बाहेरच्या शेपटासकट येतो. चौकटीवर कात्री चालवायची असेल तर ‘क्लिपसोर्स’ म्हणावे लागते. नदीची लांबी मोजणाऱ्याने हा फरक विसरला तर हिशेब भलताच फुगतो.

आता घडलेली गोष्ट सांगतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी; पाणी ५७ फुटांवर गेले. ओसरल्यावर आम्ही वर्गात पूरग्रस्त गावांचा नकाशा करायला घेतला. वर्तमानपत्रांतून नावे गोळा केली आणि ‘व्हेअर’ने गावांचे बिंदू निवडले. दुबार आलेली नावे काढून टाकली. यादी नीटनेटकी दिसली, मीही शाबासकी दिली. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. “सर, आमचं नागठाणं कुठंय? घरात छातीएवढं पाणी होतं आमच्या.”

नागठाणे दोन आहेत. एक सातारा तालुक्यात, पुणे-बंगळूर हमरस्त्यावर. दुसरे पलूस तालुक्यात, कृष्णाकाठी, बालगंधर्वांचे. आम्ही दुबार समजून काढले ते नेमके बुडालेले, आणि नकाशावर उरले ते कोरडे. अशी यादी वर्गातच राहिली म्हणून निभावले. तीच धान्यवाटपाच्या टेबलावर गेली असती तर?

नावावर विसंबायचे नाही, हे तेव्हा पक्के झाले. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा आकडी संकेतांक आहे. धारिकेत तो असेल तर अट त्यावर घालावी. नसेल तर नाव आणि चौकट दोन्ही लावावीत. शिवाय रोमन लिपीत वाळवा कोणी ‘व्ही’ने लिहितो, कोणी ‘डब्ल्यू’ने. साधनाला ती दोन निराळी गावे वाटतात.

जिल्ह्याच्या नावाचेही तेच. १९५१ च्या जनगणनेच्या यादीत ‘सांगली जिल्हा’ अशी अट घातली तर एकही गाव हाती लागणार नाही. १९४९ पासून तो दक्षिण सातारा होता, सांगली हे नाव १९६० साली मिळाले. पलूस तालुका तर त्यानंतरचा. जुन्या कागदांत भिलवडी तासगाव तालुक्यात सापडते.

आजची सीमा घेतली तरी प्रश्न सुटत नाही. सांगली जिल्ह्याच्या सीमेवर नकाशा कापला की धोम गेले, कण्हेर गेले, कोयना गेली. कराडच्या संगमावर कोयना कृष्णेला मिळते, आणि ते पाणी पुढे आयर्विन पुलाखाली येते. पुराचा विचार करणाऱ्याने चौकट महाबळेश्वरापासून घ्यावी, मग धारिका जड झाली तरी चालेल.

यंदाच्या वर्गाला मी हाच धडा दिला आहे. चाळणीतून काय आले ते मोजायचे, आणि काय गळले तेही मोजायचे. गळलेल्या गावांची यादी छापून फळ्याशेजारी लावतो. मुले येता-जाता आपापले गाव त्यात शोधतात. परवाच एकीला तिचे सापडले.