लघवीच्या स्लाइडवरचा दिवस

सकाळी ८.३०. मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्यांचे नमुने आले. पहाटेची पहिली लघवी आम्ही घेत नाही. रात्रभर मूत्राशयात राहून पेशी विरतात. दुसऱ्या वेळची हवी, हे रुग्णाला समजावून सांगावं लागतं.

९.३०. सेंट्रिफ्यूज, तळाचा साका काचेवर, लगेच अल्कोहोलमध्ये, मग पॅपनिकोलाऊचे रंग.

११.००. एका स्लाइडवर नजर अडकली. केंद्रक फुगलेलं, गडद; पहिल्या नजरेला सरळ कॅन्सर. फोकस हळूहळू फिरवला. आतला भाग एकसारखा, दुधी काचेसारखा; कॅन्सरच्या पेशीत दिसतो तो खरखरीतपणा नाही, कडाही वेडीवाकडी नाही. ही डेकॉय सेल, म्हणजे बीके विषाणूने भरलेली पेशी. हा विषाणू १९७१ साली लंडनमध्ये अशाच एका रुग्णाच्या लघवीत सापडला. नाव त्या रुग्णाच्या आद्याक्षरांचं. बहुतेकांना तो लहानपणीच होतो आणि मूत्रमार्गात निपचित पडून राहतो. नवं मूत्रपिंड टिकावं म्हणून प्रतिकारशक्ती दाबली, की डोकं वर काढतो.

पण शेजारीच चार पेशींचा एक पुंजका आहे, आणि तो मला पसंत नाही.

२.००. नेफ्रॉलॉजिस्टांचा फोन. “मॅडम, व्हायरस की कॅन्सर?”

“सर, व्हायरस आहेच. पण तेवढ्यावर थांबू नका. रक्ताची बीके पीसीआर करा आणि मूत्राशयात दुर्बीण घालून सिस्टोस्कोपीही.”

कारण विषाणूचं एक प्रथिन पेशीतल्या पी५३ आणि आरबी या कॅन्सर रोखणाऱ्या दोन्ही राखणदारांना निकामी करतं. यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवलं, की प्रयोगशाळेत संसर्ग झालेल्या मूत्रमार्गाच्या पेशी विषाणूशी लढताना स्वतःचाच डीएनए बिघडवतात. म्हणजे विषाणू निघून गेला तरी जखम मागे राहू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने बीकेला ‘कदाचित कर्करोगकारक’ एवढंच म्हटलं आहे. मलाही तेवढंच पटतं. सर्वसामान्यांमध्ये मूत्राशयाच्या कॅन्सरचं पहिलं कारण आजही तंबाखूच. मात्र प्रत्यारोपणाच्या रुग्णात ‘डेकॉय सेल’ एवढंच लिहून फाइल मिटवणं मला धोक्याचं वाटतं.

५.००. रिपोर्टमध्ये दोन्ही लिहिलं: विषाणूबाधित पेशी आहेत, संशयास्पद पेशीही आहेत.

प्रत्यारोपण झालेल्यांनो, बोलावलेल्या तारखेला तपासणी चुकवू नका. बीके निघाला म्हणून औषधं मनाने कमी करू नका, तो डोस डॉक्टरच ठरवतील. आणि लघवीतून एकदा जरी रक्त गेलं, दुखलं नाही तरी, त्याच आठवड्यात दाखवा.