गाय वांझ कीं उपाशी?

गाईच्या गर्भारपणाचा काळ सुमारें २८३ दिवसांचा असतो. तिच्यापासून दरसाल एक वासरूं मिळावें अशी अपेक्षा असेल, तर वर्षाच्या ३६५ दिवसांतून हे २८३ वजा करून पाहावे. बाकी उरतात अवघे ८२. व्याल्यावर गर्भाशय पूर्वस्थितीवर येण्यास सुमारें ४० दिवस लागतात. म्हणजे पुनः गाभण राहण्यास गाईस सहा आठवडेच काय ते राहिले. आणि ती दर २१ दिवसांनीं माजावर येत असल्यामुळें या मुदतींत संधि मिळते ती दोनदांच. आमच्या विद्यार्थ्यांस हें गणित सोपें वाटेल. परंतु ज्याचा संसार गुरांवर चालतो त्याच्या घरीं सुबत्ता कीं कर्ज, याचा निकाल याच वजाबाकीवर लागतो. मांसाकरितां गुरें पाळणाऱ्या देशांत अशा गाईंचें दूध विकलें जात नाहीं. तें सर्व वासरूंच पितें, आणि तें वासरूं हेंच गाईचें वर्षाचें उत्पन्न होय. तेथें एक वर्ष भाकड गेलेली गाय म्हणजे वर्षभराची वैरण पाण्यांत.

अशी गाय फळली नाहीं कीं लोक तिला वांझ ठरवून मोकळे होतात. वस्तुतः जन्मतः वांझ गाई थोड्या. गाईचें शरीर एखाद्या काटकसरी गृहिणीसारखें वागतें. मिळालेल्या चाऱ्यांतून आधीं स्वतःचा प्राण राखावयाचा, मग अंगावरच्या वासरास दूध द्यावयाचें, आणि त्यांतून कांहीं उरलें तरच नव्या गर्भाचा विचार करावयाचा. चारा अपुरा पडला कीं माज थांबतो. पहिलारू गाईस तर याशिवाय स्वतःची वाढहि पुरी करावयाची असते, म्हणून दुसऱ्या खेपेस अडतात त्या बहुधा याच गाई.

परंतु पोट भरलेलें असूनहि जनावर उपाशी असूं शकतें. ही गोष्ट दक्षिण आफ्रिकेंत ज्या रीतीनें उघडकीस आली, ती हकीकत सांगण्यासारखी आहे. तेथील व्रायबर्ग गांवाजवळच्या माळरानावर गुरें एकाएकीं पांगळीं होऊन मरत. तेथील शेतकरी या रोगास ‘लामसीक्ते’, म्हणजे पांगळेपणाचा रोग, असें म्हणत. सर आर्नोल्ड थायलर या मूळच्या स्विस पशुवैद्यांनीं त्याचा शोध लावण्याचें मनावर घेतलें. (तरुणपणीं शेतीच्या यंत्रांत त्यांचा एक हात गेला होता, तरी त्यांनीं आपला व्यवसाय सोडला नाहीं.) ज्या शेतावर त्यांनीं प्रयोग मांडले, त्याच्या आर्मुड्सव्लाक्ते या नांवाचा अर्थच मुळीं ‘दारिद्र्याचें पठार’ असा आहे. तेथील गुरें रानांत पडलेलीं मेल्या जनावरांचीं हाडें चघळीत. १९२० च्या सुमारास थायलर यांनीं दाखवून दिलें कीं, त्या सडक्या सांगाड्यांतील जंतूंच्या विषानें गुरें पांगळीं होतात. आणि गुरें हाडें चघळतात तीं खोडीनें नव्हे, तर त्या जमिनींत व तेथील गवतांत स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, अत्यंत थोडें असल्यामुळें. हाडांत तें भरपूर असतें. त्या मुक्या प्राण्यांना आपली उणीव कळली होती. माणसांना ती कळावयास मात्र शास्त्रज्ञ यावा लागला!

गुरांना हाडांची स्वच्छ भुकटी चारतांच हाडें चघळणें थांबलें. पुढें थायलर व त्यांचे सहकारी ग्रीन आणि डु टॉइट यांनीं १९२८ सालीं जे आंकडे प्रसिद्ध केले, ते आम्हांस याहूनहि बोलके वाटतात. त्याच कुरणांत चरणाऱ्या, पण भुकटी न मिळालेल्या गाईंपैकीं शेंकडा ५१ व्याल्या. भुकटी मिळालेल्यांपैकीं शेंकडा ८०. म्हणजे कालपर्यंत वांझ म्हणून ज्यांची संभावना झाली असती, अशा कितीतरी गाई केवळ एका क्षाराच्या भुकेल्या होत्या. १९८६ सालीं इंग्लंडांत गुरांचा मेंदू पोखरणारा रोग ओळखला गेल्यापासून अनेक देशांत गुरांना हाडांची भुकटी चारण्यास बंदी आहे. आतां खनिज फॉस्फेट मिठांत मिसळून चाटण्यास ठेवतात.

नुसता चारा सुधारून मात्र भागत नाहीं. वळू बारा महिने कळपांत सोडला, तर कांहीं गाई ऐन दुष्काळी दिवसांत वितात. म्हणून दक्षिण आफ्रिकेंतील जाणते पशुपालक डिसेंबरच्या सुमारास, म्हणजे तेथील उन्हाळ्यांत, अडीच-तीन महिनेच वळू सोडतात. सुमारें २५ गाईंस एक, आणि तोहि आधीं वीर्य तपासून. मग गाई सप्टेंबरनंतर, नवें गवत उगवण्याच्या बेतास वितात. गाय रोडावत असेल, तर वासरूं वेळींच तोडतात. कारण सतत पिणारें वासरूं माज लांबवितें.

त्याच देशांत मारा येथील केंद्रांत १९३७ पासून यान बॉन्स्मा यांनीं पैदाशीकडे लक्ष दिलें. विलायती गाईंस तेथील ऊन सोसत नसे. बॉन्स्मा गाईच्या अंगावरील केंस ओले करून तळहातावर चोळीत. त्यांचा नमद्यासारखा गोळा झाला, तर ती गाय उन्हांत टिकणार नाहीं असें समजत. त्यांनीं वशिंडाच्या देशी आफ्रिकानेर गाईंशीं हेरफर्ड व शॉर्टहॉर्न यांचा संकर करून ‘बॉन्स्मारा’ ही जात निर्माण केली. तींत पांच अष्टमांश रक्त देशी आहे. निवड करतांना दिखाऊपणास त्यांच्यापाशीं किंमत नव्हती. जी गाय नियमानें व्याली, ती ठेवावयाची.

आपल्या महाराष्ट्रांत गाय पाळली जाते ती दुधासाठीं व बैलांसाठीं. परंतु ८२ दिवसांचें गणित येथेंहि तेंच. ज्वारीच्या कडब्यानें पोट भरतें, पण त्यांत स्फुरद फार थोडें. गव्हाच्या कोंड्यांत व पेंडींत तें पुष्कळ असतें. गोठ्यांतील जनावर चिंध्या किंवा हाडें चघळूं लागलें, अथवा नुकत्याच व्यालेल्या म्हशीची लघवी तांबडी झाली, तर पशुवैद्यास विनाविलंब बोलवावें. गाय सकाळीं माजावर दिसल्यास त्याच सायंकाळीं, व सायंकाळीं दिसल्यास दुसऱ्या सकाळीं, रेतन करवावें. म्हशीचा माज पुष्कळदां मुका असतो. ती ना हंबरते ना उड्या मारते. त्यामुळें रात्रीं निजण्यापूर्वीं व पहाटे उठल्याबरोबर कंदील किंवा विजेरी घेऊन गोठ्यांत एक फेरी मारणें, हें काम घरांतील मोठ्या मुलांकडे सोंपविण्यास हरकत नाहीं.